विश्लेषण : खाऱ्या पाण्याची नवी टाकी दीड महिना माशांविना का ठेवायची?

निळाशार डॅमसेल मासा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देताना विक्रेता सांगतो, ‘आधी हा सोडा. आठ दिवस जगला, तर बाकीचे घेऊन जा.’ घरात समुद्री माशांची टाकी नव्याने मांडणाऱ्या अनेकांना मिळणारा हा पहिला सल्ला. टाकी तयार झाली की नाही, हे ठरवण्यासाठी एक जिवंत मासा खर्ची घालायचा. तो मेला तर टाकी ‘अजून झाली नाही’ असे समजायचे. हाच निष्कर्ष पाण्याच्या चाचणीच्या एका संचातूनही निघतो, तोही कोणाचा जीव न घेता. तरीही हा सल्ला टिकून आहे, कारण मोकळी टाकी पाहत बसण्याचा धीर ग्राहकाला नसतो आणि त्याला थांबवण्यात विक्रेत्याचा फायदा नसतो. टाकी मुरवण्याच्या या प्रक्रियेत, म्हणजे ‘सायकलिंग’मध्ये, नेमके काय घडते आणि ती टाळण्याची किंमत कोण मोजतो?

‘सायकलिंग’ म्हणजे काय?

मासा खातो त्या खाद्यात प्रथिने असतात आणि प्रथिनांत नत्र असतो. शरीराला नको असलेला नत्र मासे बव्हंशी अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. समुद्रात तो अथांग पाण्यात विरून जातो. दोनशे लिटरच्या काचेच्या टाकीत तो कुठेही जात नाही. माशाला स्वतःच सोडलेल्या विषात पोहावे लागते.

निसर्गात हे विष पचवणारे सूक्ष्मजीव असतात. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट माशांना बऱ्याच प्रमाणात सोसते आणि पाण्याचा काही भाग बदलून ते कमी करता येते. सच्छिद्र खडकाच्या आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथले काही जिवाणू नायट्रेटपासून नत्र वायू बनवतात आणि तो हवेत निघून जातो. शाळेच्या पुस्तकातले नत्रचक्र ते हेच. टाकीत हे चक्र सुरू करून देणे म्हणजे सायकलिंग.

नव्या टाकीत काच नवी, वाळू धुतलेली, खडक कोरडा आणि पाणी गाळलेले असते. डोळ्यांना हे सगळे स्वच्छ दिसते आणि खरी अडचण तिथेच आहे. ज्यांनी अमोनिया पचवायचा, त्यांचा या टाकीत पत्ताच नसतो. लोणचे घातले त्याच दिवशी ते खाण्याजोगे होत नाही, तशीच टाकी भरली त्या दिवशी माशाला राहण्याजोगी होत नाही.

हे सूक्ष्मजीव कोण आणि त्यांना इतका वेळ का लागतो?

अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा प्रवास जिवाणू घडवतात, हे रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. तेव्हापासून नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसली. छंदाच्या पुस्तकांनीही तीच उचलली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी माशांच्या टाक्यांतील जिवाणूंची जनुकीय तपासणी केली, तेव्हा नायट्राइट पचवण्याचे काम तिथे मुख्यत्वे नायट्रोस्पायरा करतो असे आढळले. नायट्रोबॅक्टर त्यांना फारसा सापडलाच नाही.

पुढची गोष्ट त्याहून रंजक आहे. समुद्रात आर्किया नावाचे, जिवाणूंहून वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव मोठ्या संख्येने असल्याच्या जनुकीय खुणा १९९० च्या दशकापासून मिळत होत्या. ते जगतात कशावर, हे मात्र कळत नव्हते. २००५ मध्ये त्यांतला एक प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आले आणि तो अमोनियावर जगतो हे सिद्ध झाले. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस असे नाव मिळालेला हा जीव सापडला तो कुठल्या खोल समुद्रात नव्हे, तर अमेरिकेतील सिअ‍ॅटल मत्स्यालयाच्या उष्णकटिबंधीय समुद्री टाकीच्या तळातल्या खड्यांवर. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतची दोन्ही कामे एकटाच करणारा नायट्रोस्पायरा २०१५ मध्ये शोधला गेला. त्या वर्षीच्या दोन शोधांपैकी एकाचा नमुना मत्स्यपालनाच्या गाळणयंत्रातला होता. टाकीच्या गाळणीतला गाळ धुऊन फेकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

या जीवांची अडचण अशी की, ते फार सावकाश वाढतात. ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. अमोनिया आणि नायट्राइटवर जगणाऱ्यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, काहींना दिवसाहून अधिक लागतो, कारण या अन्नातून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी असते. शिवाय दुसऱ्या गटाचे अन्न पहिल्या गटाने तयार केल्याशिवाय मिळत नाही. दीड महिना लागतो तो म्हणूनच. महागडा पंप किंवा दिवा घेतला म्हणून हा हिशेब बदलत नाही.

खाऱ्या पाण्यात धोका अधिक का?

गोड्या पाण्यात गोल्डफिश किंवा गप्पी पाळलेल्या अनेकांना वाटते, तिथे घाई खपली तशी इथेही खपेल. इथेच घात होतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो : एक तुलनेने निरुपद्रवी अमोनियम आणि दुसरा विषारी मुक्त अमोनिया. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरते. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात २५ अंश तापमानाला मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ असतो आणि तिथे हाच वाटा साधारण दहापट होतो. तापमान चढले की तो आणखी वाढतो. म्हणजे चाचणीच्या नळीत तोच रंग दिसला, तरी खाऱ्या पाण्यातल्या माशाला तो कितीतरी अधिक झोंबतो.

बाहेर अमोनिया वाढला की माशाला स्वतःच्या रक्तातला अमोनिया कल्ल्यांतून बाहेर टाकता येत नाही. तो आतच साठतो आणि कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांना इजा होते. मासा पृष्ठभागाशी येऊन भराभर तोंड उघडू-मिटू लागतो. पुष्कळदा घरातल्यांना वाटते, तो खायला मागतो आहे. मग आणखी खाद्य टाकले जाते आणि अमोनिया आणखी वाढतो.

नायट्राइटच्या बाबतीत मात्र खारे पाणी दयाळू आहे. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड मुबलक असते आणि ते नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. गोड्या पाण्यात ज्या पातळीला मासे दगावतील, ती खाऱ्या पाण्यात बहुतेकांना सोसते. म्हणून समुद्री टाकीत खरा शत्रू अमोनिया. नायट्राइट हा मुख्यतः चक्र किती पुढे गेले हे सांगणारा निरोप्या.

मासा न सोडता टाकी कशी मुरवायची?

सुरुवात पाण्यापासून होते. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते आणि ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेले असते. जुन्या तांब्याच्या नळातून तांबे उतरलेले असेल, तर पुढे गोगलगाई आणि कोळंब्यांच्या ते जिवावर बेतते. त्यामुळे आरओचे पाणी हवे. घरातल्या पाणी शुद्धीकरण यंत्रात चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळणारी टीडीएसची चावी असेल, तर ते पाणी या कामाचे नाही. मुंबईत कोणी जुहू किंवा वरळीच्या समुद्राचे पाणी कॅनमध्ये भरून आणण्याचा विचार करील. पण शहराच्या सांडपाण्याचे काय होते हे ठाऊक असलेला माणूस तसे करणार नाही.

या पाण्यात समुद्री टाकीसाठी मिळणारे तयार मीठ घालायचे असते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले की झाले. पाणी उडून जाते तेव्हा मीठ मागेच राहते, म्हणून कमी झालेले पाणी भरताना आरओचे गोडे पाणीच घालायचे. ही साधी गोष्ट विसरून खारटपणा वाढवून ठेवणारे कमी नाहीत.

मग खडक, वाळू, पंप आणि २५ ते २७ अंश तापमान. कोकणात किंवा मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी सहज तिशी ओलांडते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि या जिवाणूंना प्राणवायू भरपूर लागतो : एक मिलिग्रॅम अमोनियातला नत्र नायट्रेटपर्यंत नेण्यासाठी सुमारे साडेचार मिलिग्रॅम. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता हवा. दिवा मात्र या काळात बंदच ठेवलेला चांगला. या जिवाणूंना तो लागत नाही, शेवाळाला लागतो.

आता जिवाणूंना अन्न हवे. जुनी पद्धत अशी, की बाजारातून आणलेली एक कच्ची कोळंबी टाकीत टाकायची आणि कुजू द्यायची. ती चालते, पण घरभर वास सुटतो आणि अमोनिया किती झाला यावर ताबा राहत नाही. त्याहून नीट मार्ग अमोनियम क्लोराइडचा. मराठी माणसाला हा पदार्थ नवा नाही. भांड्यांना कल्हई करताना वापरला जातो तो नवसागर हाच. मात्र कल्हईवाल्याच्या पुडीतला नवसागर टाकीसाठी घेऊ नये, त्यात भेसळ किंवा धातूंचे अंश असू शकतात. रसायनांच्या दुकानातला शुद्ध प्रतीचाच घ्यावा. शंभर लिटर पाण्याला पाऊण ग्रॅमच्या आसपास नवसागर पुरतो. त्यातून लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम अमोनिया मिळतो. अधिक घातल्याने काम लवकर होत नाही. पाच मिलिग्रॅमच्या वर गेल्यास नायट्राइट पचवणारा गट उलट दबून जातो.

यानंतर करायचे काय, तर मोजायचे आणि वहीत लिहायचे. पहिले काही दिवस अमोनिया तसाच राहतो. साधारण दुसऱ्या आठवड्यात तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढू लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नायट्राइट इतके चढते, की चाचणीचा रंग पट्टीच्या बाहेर जातो. इथे अनेकांचा धीर सुटतो आणि ते पाणी बदलून टाकतात. तसे करण्याची गरज नसते. या काळातले नायट्रेटचे आकडेही फारसे मनावर घेऊ नयेत, कारण पुष्कळ संचांमध्ये नायट्राइटच नायट्रेट म्हणून मोजले जाते. अमोनिया शून्यावर आला की नवसागराची तेवढीच मात्रा पुन्हा द्यायची. दरम्यान सामू घसरला असेल, तर क्षारता तपासायची, कारण या सगळ्या क्रियेत क्षारता खर्च होते आणि ती संपत आली की जिवाणूंचे काम मंदावते.

परीक्षा एकच आहे. दोन मिलिग्रॅमची मात्रा दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आले, तर टाकी मुरली. कोणाची चौथ्या आठवड्यात मुरते, कोणाची आठव्या. दिनदर्शिका पाहून हे ठरत नाही.

बाटलीतले जिवाणू आणि जुन्या टाकीचे पाणी

‘मित्राच्या टाकीतले बादलीभर पाणी आणून ओता’ हा आणखी एक लोकप्रिय सल्ला. त्याचा उपयोग नगण्य. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, तर खडकावर, वाळूवर, गाळणीच्या स्पंजावर चिकट थर करून राहतात. आणायचाच असेल तर मित्राच्या टाकीतला स्पंज किंवा गाळणीतील सिरॅमिकचे तुकडे आणावेत, तेही ओलेच, आणि टाकी खाऱ्या पाण्याचीच हवी. दह्याला विरजण लागते तसा त्याचा उपयोग होतो आणि आठवडे वाचतात. धोका एवढाच, की मित्राच्या टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असेल, तर तोही सोबत येतो.

बाटलीत मिळणाऱ्या जिवाणूंबद्दल सरसकट मत देणे अन्यायाचे होईल. त्यांतल्या चांगल्या खरोखर काम करतात. पण ते जिवंत जीव आहेत. कारखान्यातून निघाल्यावर उन्हात उभ्या ट्रकमध्ये, मग दुकानाच्या पत्र्याखालच्या फळीवर महिनोनमहिने काढलेल्या बाटलीत त्यांतले किती उरतात, हे लेबलावर छापलेले नसते. म्हणून बाटली ओतली तरी परीक्षा टळत नाही. ‘बाटली ओता आणि त्याच दिवशी मासे सोडा’ ही जाहिरात खरी ठरो वा खोटी, पैज माशाच्या जिवावर लागलेली असते.

‘जिवंत खडक’ आणि प्रवाळांचे काय?

परदेशी पुस्तके आणि व्हिडीओ पाहून टाकी मांडणाऱ्यांना ‘लाइव्ह रॉक’ हवा असतो : समुद्रातून काढलेला, जिवाणू आणि बारीकसारीक जीवांनी भरलेला प्रवाळखडक. टाकी लवकर मुरण्याचे ते जुने गुपित. भारतात मात्र हा रस्ता सरळ कायद्यावर जाऊन आदळतो. प्रवाळभित्ती बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि सी फॅन यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये स्थान आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. समुद्रातून ते काढणे, विकणे हा गुन्हा आहे. अंदमान किंवा लक्षद्वीपच्या सहलीहून किनाऱ्यावर सापडलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणणेही त्यात येते, हे अनेकांच्या गावी नसते. दुकानदार ‘आयातीचा माल आहे’ म्हणाला, तर त्याच्याकडे कागद मागावेत. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही ‘साइट्स’ कराराच्या परवान्याखालीच होतो.

हा कायदा किती गांभीर्याने घ्यायचा असतो, याचे उदाहरण मुंबईतच आहे. किनारी रस्त्याच्या कामासाठी हाजीअली आणि वरळी इथल्या प्रवाळांच्या १८ छोट्या वसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या, तेव्हा महापालिकेला वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली ते काम झाले. हजारो कोटींच्या रस्त्याला जी परवानगी लागते, ती दिवाणखान्यातल्या टाकीला लागणार नाही असे समजणे धाडसाचे आहे. त्यामुळे भारतातल्या छांदिष्टाने सिरॅमिकचा किंवा कारखान्यात बनवलेला कोरडा खडकच घ्यावा आणि तो जिवंत होईपर्यंत थांबावे. कायदा पाळणाऱ्याला दीड महिना चुकत नाही, हे खरे. पण त्या खडकासोबत नको असलेले खेकडे आणि रोगही घरी येत नाहीत.

डॅमसेलनेच काय पाप केले?

डॅमसेलची निवड होते ती तो चिवट आणि स्वस्त आहे म्हणून. इतर मासे ज्या पाण्यात दोन दिवसांत मरतील, तिथे तो आठवडाभर तग धरतो. तग धरतो म्हणजे त्याला त्रास होत नाही, असे नाही. वाचलाच तर कल्ले खराब झालेला हा मासा टाकीचा पहिला रहिवासी म्हणून सगळी जागा आपली समजतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला झोडपतो. मग त्याला काढण्यासाठी सगळा खडक उपसावा लागतो. निव्वळ स्वार्थाच्या हिशेबानेही हा सौदा वाईट आहे.

पण प्रश्न स्वार्थापुरता नाही. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे शेततळ्यांत किंवा हौदांत पैदास केलेले असतात. समुद्री माशांचे उलट आहे, त्यांतले बहुसंख्य आजही थेट प्रवाळभित्तींवरून पकडले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न संस्थेच्या २००३ च्या अहवालात या व्यापारातील माशांची संख्या वर्षाला दोन ते अडीच कोटींच्या घरात सांगितली होती आणि त्यात चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा डॅमसेल आणि क्लाउनफिश ज्यात येतात त्या एकाच कुळाचा होता. क्लाउनफिश समुद्रात तीस वर्षांपर्यंत जगू शकतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडच्या दुकानांत त्याला ‘निमो’ म्हणतात आणि मुलाच्या वाढदिवसाला टाकीसकट घेऊन जातात.

पर्याय नाहीत असे नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन कक्षाने समुद्री शोभिवंत माशांच्या पैदाशीचे काम हाती घेतले. पैदास केलेला मासा बंदिस्त पाण्याला आणि तयार खाद्याला सरावलेला असतो. थोडे पैसे जास्त पडले तरी तोच मागावा.

राहिला प्रश्न दुकानांचा. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने शोभिवंत माशांची दुकाने आणि टाक्यांसाठी नियम अधिसूचित केले होते. त्यांत गोल काचेच्या भांड्यांवर आणि क्लाउनफिशसह १५८ प्रकारच्या माशांच्या विक्रीवर बंदी होती. व्यापाऱ्यांतून विरोध झाला आणि ते मागे घेण्यात आले. सरसकट यादी करून बंदी घालण्याचा तो मार्ग चुकलेलाच होता, त्यात पैदास केलेला आणि समुद्रातून ओरबाडलेला मासा असा भेद नव्हता. त्याऐवजी एकच साधा नियम पुरेसा ठरेल : समुद्री टाकी आणि मासा एकाच दिवशी विकायचा नाही आणि ग्राहकाने आणलेल्या पाण्याची अमोनियाची चाचणी केल्याशिवाय पहिला मासा द्यायचा नाही. चाचणीला पाच-दहा मिनिटे लागतात. विक्रेत्याचा एका रविवारचा गल्ला कमी होईल. पण पहिल्याच महिन्यात सगळे मासे मेले म्हणून टाकी माळ्यावर टाकणारा ग्राहक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही, हेही त्याच विक्रेत्याला ठाऊक असते.

टाकी मुरल्यानंतर काय?

परीक्षा पास झाल्यावर पाण्याचा मोठा भाग, अर्धा तरी, बदलावा म्हणजे साठलेले नायट्रेट उतरते. दोनशे लिटरची टाकी दिवसाला लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया पचवते, याचा अर्थ साधारण पाच ग्रॅम कोरड्या खाद्यातला नत्र ती एका दिवसात हाताळते. दोन लहान क्लाउनफिश त्याचा अगदी थोडा अंश खातात. म्हणजे पहिल्या दोन माशांसाठी टाकी हवी त्याहून सक्षम असते. पण जिवाणू मिळेल तेवढ्याच अन्नावर टिकतात. दोन माशांवर तीन महिने काढलेल्या टाकीत एका रविवारी आठ मासे आणून सोडले, की अमोनिया पुन्हा डोके वर काढतो. दोनदोन मासे, मध्ये तीन-चार आठवडे, हा वेग बरा. मुख्य टाकीत तांब्याचे औषध कधीही घालू नये. आजारी माशासाठी वेगळी छोटी टाकी ठेवावी.

दिवा लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत काच आणि वाळू तपकिरी होते, मग हिरवे शेवाळ येते. नवखा माणूस इथे घाबरतो आणि रसायनांच्या बाटल्या आणतो. हा तपकिरी थर डायटमचा असतो आणि बहुतेक टाक्यांत तो आपोआप ओसरतो. त्या काळात दिव्याचे तास आणि खाद्य कमी करावे, दोन-चार गोगलगाई सोडाव्यात.

आणि वीज. पंप बंद पडला की गाळणीतले जिवाणू काही तासांतच प्राणवायूवाचून गुदमरू लागतात. लांबलेल्या भारनियमनानंतर पंप पुन्हा सुरू झाला, की त्या बंद गाळणीतले सडके पाणी थेट टाकीत येते. त्यामुळे बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप महागड्या दिव्याच्या आधी विकत घ्यावा. वीज चार-पाच तासांहून अधिक गेली असेल, तर बंद गाळणीतले पाणी फेकून मगच ती जोडावी. त्यानंतरचे तीन दिवस खाद्य निम्मे द्यावे आणि रोज सकाळी अमोनिया मोजावा.